पनवेलपासून पत्रादेवीपर्यंत

मुंबईहून स्वतःच्या गाडीने एका दिवसात गोवा गाठणे हा महाराष्ट्रातल्या शहरी कुटुंबाच्या सुट्टीचा एक ठरलेला प्रकार आहे. मे महिन्यात, दिवाळीनंतर किंवा नाताळात आई-वडील, दोन मुले आणि बहुतेक वेळा आजी किंवा आजोबा अशी पाच माणसे पहाटे गाडीत बसतात आणि अंधार पडता पडता म्हापसा किंवा पणजीला उतरतात. अंतर सुमारे पावणेसहाशे किलोमीटर. नकाशावर हा आकडा फार मोठा वाटत नाही. उत्तर भारतातल्या सपाट महामार्गावर इतके अंतर आठ-नऊ तासांत उरकते. कोकणातून जाताना मात्र चहा-जेवणासकट बारा तास हा चांगला दिवस समजतात आणि चौदा तास लागले तरी कुणाला नवल वाटत नाही. याचे कारण बरेचसे जमिनीत आहे आणि थोडेफार माणसांत.

सह्याद्रीत उगम पावून पश्चिमेला अरबी समुद्रात जाणाऱ्या कोकणातल्या नद्या आखूड आणि वेगवान आहेत. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची एकेक सोंड समुद्राकडे उतरते. मुंबई–गोवा महामार्ग उत्तर-दक्षिण जातो, म्हणजे या सगळ्या सोंडा आणि नद्या त्याला आडव्या येतात. पेणची भोगावती, नागोठण्याची अंबा, कोलाडची कुंडलिका, महाडजवळची सावित्री, खेडची जगबुडी, चिपळूणची वाशिष्ठी, संगमेश्वरची शास्त्री, मग बावनदी, लांज्याच्या अलीकडची काजळी, राजापूरची अर्जुना, कणकवलीची गड आणि शेवटी बांद्याची तेरेखोल अशी ही रांग आहे. प्रत्येक नदीसाठी खाली उतरायचे, पूल ओलांडायचा आणि पलीकडची चढण धरायची. घाटमाथ्यावरून जाणाऱ्या पुणे–कोल्हापूर रस्त्याला ही कसरत इतक्यांदा करावी लागत नाही. कोकण रेल्वेलाही हेच सोसावे लागले. तिने डोंगर पोखरून बोगदे काढले आणि दऱ्यांवर उंच पूल टाकले, तेव्हा कुठे २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्गावर गाडी धावली. रस्त्याने मात्र अनेक दशके डोंगराला वळसे घालतच काम भागवले.

हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग १७ होता. २०१०मध्ये देशातल्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले तेव्हा तो ६६ झाला, तरी जुने चालक अजून ‘सतरा नंबर’च म्हणतात. पनवेलला सुरू होणारा हा महामार्ग गोवा, कर्नाटक आणि केरळ ओलांडून कन्याकुमारीपर्यंत जातो. पनवेल ते इंदापूर हा पहिला टप्पा चौपदरी करण्याचे काम २०११मध्ये सुरू झाले. पुढचे टप्पे नंतर हाती घेतले गेले. हे रुंदीकरण इतके रेंगाळले की त्याबद्दलची चीड हा कोकणी माणसाच्या बोलण्याचा कायमचा विषय होऊन बसला. प्रवाशाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की रस्ता सलग एकसारखा नाही. पाच-दहा किलोमीटर गुळगुळीत सिमेंट, मग अचानक ‘वळण मार्ग’ अशी पाटी, मातीचा भराव, पुन्हा सिमेंट. जिथे रस्त्याचा पोत बदलतो तिथे सावध नसलेला चालक चुकतो. चांगल्या भागात ऐंशीचा वेग सवयीचा होतो, आणि पुढे तो चालत नाही हे ध्यानात यायला दोन-तीन सेकंद जातात. ताशी ८० किलोमीटरने गाडी एका सेकंदात २२ मीटरहून जास्त पुढे जाते.

दिवसाचा आराखडा म्हणूनच काट्यावरच्या वेगावरून करायचा नसतो, तो सरासरी वेगावरून करायचा असतो. काटा ८० दाखवत असला तरी गावे, गतिरोधक, घाट आणि कामाचे टप्पे धरून सरासरी ५० पडते. पावणेसहाशेला ५०ने भागले की साडेअकरा तास निव्वळ चालवण्याचे झाले. त्यात नाश्ता, जेवण, दोन चहा आणि तीन-चार लहान थांबे मिळून दोन-अडीच तास. रस्ता मोकळा मिळाला तर यातला तास-दीड तास वाचतो. वेग वाढवून वेळ वाचवण्याचा हिशोब तर फारच फसवा आहे. मोकळ्या १०० किलोमीटरच्या पट्ट्यात ८०ऐवजी १००ने गाडी हाकली तर १५ मिनिटे वाचतात, आणि असा सलग मोकळा पट्टा या रस्त्यावर क्वचितच मिळतो. पाच माणसांचे कुटुंब चहाला उतरले की पुन्हा गाडीत बसेपर्यंत २५ मिनिटे सहज जातात. त्यामुळे वेळ वाचवायचा असेल तर थांबे ठरवून घ्यावेत. पाय वेगावर दाबून फारसे हाती लागत नाही.

निघण्याची वेळ हा घरोघरी वादाचा मुद्दा. एक पक्ष रात्री दहाला निघून सकाळी पोहोचण्याचा, दुसरा पहाटे निघण्याचा. रात्रीच्या बाजूने गर्दी कमी, ऊन नाही, मुले झोपलेली असे मुद्दे असतात आणि ते खरे आहेत. पण माणसाच्या शरीराचे घड्याळ पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान सगळ्यात खाली गेलेले असते, आणि दिवसभर कचेरीत काम करून निघालेला चालक नेमका त्याच वेळी अपरिचित घाटात असतो. खाजगी बसला पाळीने चालवायला दोन चालक असू शकतात, घरच्या गाडीत तसे नसते. पहाटे साडेचार-पाचला निघणे म्हणूनच बरे. रात्री नऊला अंथरुणावर पडले तर झोप पुरी होते, मुंबईची वाहतूक जागी होण्याआधी पनवेल मागे पडते आणि उजाडता उजाडता कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका डावीकडे दिसतो. दक्षिण मुंबईतून निघणाऱ्यांना जानेवारी २०२४पासून शिवडी–न्हावाशेवा या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूची सोय झाली आहे.

गाडीची तयारी आदल्या संध्याकाळी करावी. टायरची हवा गाडी थंड असताना तपासायची असते, कारण चालून तापलेल्या टायरमधला दाब जास्त दिसतो. पाच माणसे आणि सामान असेल तर दारावरच्या पट्टीवर लिहिलेला भरल्या गाडीचा आकडा पाहावा. एकट्याने कचेरीला जाण्याचा आकडा इथे उपयोगाचा नाही. स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक-पाना जागेवर आहे का हे बहुतेकांना पंक्चर झाल्यावरच कळते. जड बॅगा डिकीत तळाला, मागच्या सीटला टेकून ठेवाव्यात. मागच्या काचेखालच्या फळीवर पाण्याची बाटली, छत्री किंवा खेळण्यातला ट्रक ठेवू नये, करकचून ब्रेक लागला की ती वस्तू डोक्यात येते. पट्टा मागच्या सीटवरही बांधायचा असतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पट्टा न बांधल्यास एक हजार रुपये दंड आहे, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या खास आसनात न बसवल्यासही तितकाच. आईच्या मांडीवरचे मूल सुरक्षित असते ही समजूत चुकीची आहे. धडक बसली की हाताची पकड कितीही घट्ट असली तरी मूल सुटते.

गाडी सुरू होताना ‘गणपती बाप्पा मोरया’चा गजर होतो, कुणी चाकाखाली लिंबू ठेवते, कुणी पहिल्या घाटातल्या देवळाशी नारळ फोडते. पुलावरून नदीत नाणे टाकण्याची सवय जुन्या माणसांना अजून आहे. रस्त्याची भीती आणि प्रवासाचा आनंद दोन्ही या रिवाजांत एकत्र बांधलेले आहेत. त्यांना हसण्यापेक्षा तेवढी दोन मिनिटे आराखड्यात धरणे सोपे.

कोणी कुठे बसायचे याचाही विचार दिशेवरून करता येतो. गाडी दक्षिणेला जात असते, म्हणून सकाळचे ऊन डाव्या बाजूने येते आणि दुपारचे उजव्या. सकाळी उजवीकडे आणि जेवणानंतर डावीकडे बसणाऱ्याला सावली मिळते. आजी किंवा लहान मूल असेल त्याला जेवणाच्या थांब्यावर जागा बदलून द्यावी. चालकाला मात्र सुटका नाही, दुपारभर त्याचा उजवा हात आणि गाल तापत असतो. गडद चष्मा आणि पूर्ण बाहीचा सुती सदरा या दोन गोष्टी त्याच्यासाठी हौसेच्या नाहीत.

पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव हा सकाळचा टप्पा. पेणच्या गणपतीच्या मूर्ती देशभर जातात, आणि इथले पोहे-पापड घेण्यासाठी परतताना अनेक गाड्या थांबतात. वडखळला अलिबागचा फाटा फुटतो, म्हणून शनिवारी सकाळी तिथे गाड्यांची रांग लागते. नाश्ता त्याच्या पुढे जाऊन करावा. घरची शिदोरी असेल तर उत्तम. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही-भात हे पदार्थ प्रवासासाठीच घडत आले आहेत. ते सांडत नाहीत, लवकर आंबत नाहीत आणि पोटाला त्रास देत नाहीत. दही-भात तेवढा दुपारच्या आत संपवावा.

गाडीतल्या पाचांपैकी एकाला तरी गाडी लागतेच. हा आजार नव्हे आणि नखराही नव्हे. माणसाचा तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात असते. वळणावर गाडी कलली की ती मेंदूला हालचालीची खबर देते. त्याच वेळी डोळे समोरच्या सीटच्या पाठीवर किंवा हातातल्या मोबाइलवर खिळलेले असतात आणि ते सांगतात की सारे स्थिर आहे. दोन साक्षी जुळत नाहीत, मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा वयाच्या मुलांना तो सर्वांत जास्त होतो. चालकाला गाडी लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच दिसलेले असते आणि त्याचे शरीर तयारीत असते.

उपाय याच कारणातून निघतात. मुलाला असे बसवावे की त्याला समोरची काच दिसेल, आणि नजर दूरच्या डोंगरावर ठेवायला सांगावे. घाटात मोबाइल आणि पुस्तक बंद. निघताना उपाशीपोटी नको आणि तुडुंब भरलेले पोटही नको. तेलकट वडे तर नकोतच, आणि नेमके तेच महामार्गावर सर्वांत आधी दिसतात. काच जरा खाली केली की बरे वाटते. आल्याची वडी, आवळा सुपारी किंवा हुंगायला लिंबू हे घरगुती उपाय अनेकांना मानवतात. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघण्यापूर्वी अर्धा-एक तास आधी, कारण मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे चालकाने त्या घेऊ नयेत. सगळ्यांत मोठा उपाय चालकाच्या पायात आहे. वळणाआधी वेग कमी करून वळणात एकसारखा ठेवला, तर मागे बसलेल्यांपैकी निम्म्यांचा त्रास तिथेच मिटतो. कागदी पिशव्या आणि ओला रुमाल हाताशी ठेवावा, डिकीत नको.

माणगावनंतर लोणेरे आणि मग महाड. याच गावात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, आणि इथूनच रायगडाचा फाटा फुटतो. एका दिवसात गोवा गाठायचा असेल तर रायगड करू नये, तो वेगळ्या दिवसाचा विषय आहे. तळे गावातच आहे आणि पाऊण तासात पाहून होते.

महाड ते पोलादपूर या दरम्यान सावित्री ओलांडताना जुन्या प्रवाशांचे बोलणे थांबते. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहने पाण्यात गेली. पूल तुटला आहे हे मागून येणाऱ्यांना अंधारात आणि पावसात दिसत नव्हते. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७मध्ये वाहतुकीला खुला झाला. पावसाळ्यात कोकणात रात्री गाडी चालवू नये असे घरातली वडील माणसे सांगतात तेव्हा त्यामागे अशा घटना असतात. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हाही हा रस्ता बंद पडला होता. जून ते सप्टेंबर या काळात निघायचे असेल तर हवामान खात्याचा जिल्हावार इशारा आदल्या रात्री आणि पहाटे असा दोनदा पाहावा. लाल इशारा असेल तर हॉटेलचे पैसे बुडू द्यावेत. पुलावरून पाणी वाहत असताना पुढची गाडी गेली म्हणून आपली घालणे हा तर निव्वळ वेडेपणा. हातभर खोल वाहते पाणीही मोटारीला रस्त्यावरून सरकवू शकते.

पोलादपूरनंतर कशेडी घाट. रायगड जिल्हा संपून रत्नागिरी जिल्हा इथे सुरू होतो. पूर्वी हा घाट म्हणजे पाऊण तासाची नागमोडी चढ-उतार होती, ट्रकच्या मागे अडकले तर त्याहून जास्त. आता डोंगरातून सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा आहे आणि २०२३च्या गणेशोत्सवापासून हलकी वाहने त्यातून जाऊ लागली. बोगद्यात शिरताना दिवे लावावेत आणि गडद चष्मा काढावा. लख्ख उन्हातून आत गेल्यावर डोळे सरावायला काही क्षण लागतात. बाहेर पडताना उलट होते, डोळे दिपतात. पुढच्या गाडीपासून अंतर दोन्ही टोकांना वाढवावे.

पुढे भोस्ते आणि मग परशुराम घाट. घाटातल्या उतारावर शहरी चालक एक चूक हमखास करतो, पाय सतत ब्रेकवर ठेवतो. ब्रेक तापतात, त्यांची पकड कमी होते आणि ऐन वळणावर पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. जळक्या वासाने ही सूचना आधी मिळते. जुना नियम सोपा आहे, ज्या गिअरमध्ये चढण चढावी लागेल त्याच गिअरमध्ये उतरावे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेकला अधूनमधूनच काम पडते. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. ती कुठे आहे हे घरून निघण्यापूर्वी पाहून ठेवावे. इंजिन बंद करून उतार उतरण्याची पेट्रोल वाचवणारी युक्ती धोक्याची आहे, कारण ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हींना इंजिनची मदत लागते. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा रीतिरिवाज नाही, वाहतुकीच्या नियमावलीत लिहिलेला नियम आहे.

चिपळूण हा प्रवासाचा मध्य. मुंबईपासून सुमारे अडीचशे किलोमीटर. वेळ जमली असेल तर साडेअकरा-बाराला गाडी इथे असते. परशुराम घाटातून खाली वाशिष्ठीचे रुंद वळण दिसते आणि वर परशुरामाचे देऊळ आहे. जेवण चिपळूणला किंवा थोडे पुढे सावर्ड्याला. बांगडा किंवा सुरमईचे ताट, वालाचे बिरडे, सोलकढी, वर वाफाळता भात. चालकाने नेमके इथे हात आखडता घ्यावा. दुपारी एक ते चारच्या दरम्यान शरीराची जाग पुन्हा एकदा उतरते. ही सुस्ती जेवणाने फक्त वाढते, जेवला नाही तरी ती येतेच. त्यात काचा बंद आणि गाडीतली हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण चालू असेल तर पाच माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि पेंग वाढते. दर अर्ध्या तासाने ते बटण बाहेरच्या हवेवर टाकावे.

डुलकी लागते हे डुलकी लागणाऱ्याला कळत नाही. ताशी ८०च्या वेगात चार सेकंद डोळे मिटले तर गाडी जवळजवळ ९० मीटर कुणाच्याही ताब्यात नसताना गेलेली असते. मागचे तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, गाडी पट्ट्यावरून सरकते, डोळे चोळावेसे वाटतात, या खुणा दिसल्या की थांबायचे. मोठ्याने गाणी लावणे, काच उघडणे, तोंडावर पाणी मारणे याने दहा मिनिटे निभावतात. खरा उपाय एकच आहे, सावलीत गाडी लावून पंधरा-वीस मिनिटे झोपणे. चहा-कॉफीचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून आधी कॉफी घेऊन मग डुलकी काढली तर दोन्हींचा फायदा एकदम मिळतो.

कायद्याने या बाबतीत पगारी चालकाची काळजी घेतली आहे. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने त्याला दिवसाला आठ तास काम, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. कुटुंबासाठी गाडी चालवणाऱ्या बापाला किंवा आईला असा कोणताही कायदा लागू नाही, आणि ती व्यक्ती सुट्टीच्या पहिल्याच दिवशी बारा तास काम करते. गाडीत परवाना असलेली दुसरी व्यक्ती असेल तर दोन-दोन तासांनी हात बदलावा. अनेक घरांत बायकोला गाडी येते, पण ‘घाटात मीच चालवतो’ म्हणून तिला चाक मिळत नाही. हा हट्ट महागात पडतो. चालक खरोखर एकच असेल तर एका दिवसात गोवा गाठण्याचा बेत सोडून चिपळूण किंवा रत्नागिरीला मुक्काम करणेच शहाणपणाचे.

जेवणानंतरचा टप्पा मुलांच्या दृष्टीने सर्वांत लांब असतो. आरवली, तुरळ, मग संगमेश्वर. १६८९मध्ये संभाजी महाराज पकडले गेले ते याच संगमेश्वरजवळ. आरवली-तुरळ भागात गरम पाण्याची कुंडे आहेत. मुलांना पाय मोकळे करायला ती जागा कोणत्याही मोबाइल खेळापेक्षा चांगली. गाडीत गाण्याच्या भेंड्या अजून चालतात. दुसरा खेळ नंबरप्लेटचा. पनवेलला एमएच ४६, पेण-महाडकडे ०६, रत्नागिरीत ०८, सिंधुदुर्गात ०७, आणि पुढे जीए दिसू लागले की गोवा जवळ आला. मैलाच्या दगडांचे रंगही मुलांना दाखवावेत. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गाचा हिरवा. ‘अजून किती राहिलं?’ या प्रश्नाला मुलांनी स्वतःच उत्तर शोधलेले बरे.

आजी-आजोबांचे प्रश्न वेगळे. सलग तीन-चार तास गुडघे दुमडून बसले की पायांवर सूज येते आणि रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, म्हणून दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालायला हवे. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ चुकवू नये आणि औषधे डिकीतल्या बॅगेत ठेवू नयेत. बंद गाडी उन्हात तापते आणि इन्सुलिन खराब होते. वयस्क बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. कारण उघड आहे, पण ते कुणी मोठ्याने बोलत नाही. या महामार्गावर स्वच्छ, पाणी असलेली, दाराला कडी असलेली स्वच्छतागृहे फार लांब लांब अंतरावर आहेत. रुंदीकरणावर इतका खर्च झालेल्या रस्त्यावर ही उणीव अक्षम्य आहे. ती भरून निघेपर्यंत उपाय एवढाच, जेवणाचे आणि चहाचे थांबे पदार्थांच्या चवीवरून न निवडता स्वच्छतागृहावरून निवडावेत. बायकांनी पाणी प्यावे आणि पुरुषांनी न कुरकुरता गाडी थांबवावी.

हातखंब्याला रत्नागिरीचा फाटा फुटतो. पाली, लांजा, राजापूर या भागात एप्रिल-मेमध्ये रस्त्याच्या कडेला हापूसच्या पेट्या, फणसपोळी, कोकम, काजू यांची दुकाने लागतात. पेटी जाताना घेऊ नये, परतताना घ्यावी. चार दिवस उन्हात उभ्या गाडीत ती खराबच होते. खारेपाटणला सिंधुदुर्ग जिल्हा सुरू होतो आणि मग मोहाचे फाटे एकामागून एक येतात. तळेरेला विजयदुर्ग, नांदगावला देवगड, कसालला मालवण, कुडाळला वेंगुर्ले. इथून रस्ता रुंद होतो आणि वेग वाढतो. दिवसभर थकलेल्या चालकाला तो हवाहवासा वाटतो. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत संध्याकाळी सहा ते नऊ हा काळ अपघातांच्या संख्येत वारंवार सर्वांत वर आलेला आहे. तिन्हीसांजेला गुरे घराकडे वळलेली असतात, दुचाक्या बिनदिव्याच्या असतात, आणि प्रवासी ‘आता तासाभराचंच’ म्हणत थांबा टाळतात. कणकवली किंवा कुडाळला शेवटचा चहा घ्यावा, काचा पुसाव्यात आणि मगच निघावे.

गाडी बंद पडली तर ती पक्क्या रस्त्यावरून पूर्ण खाली घ्यावी, इशाऱ्याचे चारही दिवे लावावेत, त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवावा आणि माणसांनी गाडीत न बसता कठड्याच्या पलीकडे उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेला १०८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक आहेत. घाटात मोबाइलला रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घेतलेला असावा.

गणपतीच्या आठवड्यात हा सगळा हिशोब कोलमडतो. मुंबईचे चाकरमानी त्या दोन-तीन दिवसांत एकदम गावी निघतात, अवजड वाहनांना बंदी घालूनही पनवेल ते माणगाव तासन्तास लागतात. गोव्याला फिरायला जाणाऱ्याने हे दिवस टाळावेत. टाळता येत नसतील तर द्रुतगती मार्गाने पुणे, मग सातारा, कराड, कोल्हापूरवरून आजरा आणि आंबोली घाटाने सावंतवाडीत उतरावे. ही वाट लांबची आहे, पण कोल्हापूरपर्यंत रस्ता मोठा आणि घाट थोडे. नुसता वेळ पाहायचा तर अनेकजण बारमाही हीच वाट पसंत करतात. कोकण पाहायचे असेल तर मात्र तिचा उपयोग नाही.

झारापच्या पुढे सावंतवाडी बाजूला राहते, बांद्याला तेरेखोल ओलांडली की पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी इथून निःशस्त्र शिरलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यांचे स्मारक सीमेवर आहे. दिवस कितीही लांबला असला तरी मुलांना तिथे पाच मिनिटे उतरवावे. तिथून म्हापसा आणि पुढे मांडवीचा पूल ओलांडून पणजी तासाभरात येते.

परतीच्या दिवशी दिशा उलटी असते. गाडी उत्तरेला निघते, म्हणून सकाळचे ऊन उजवीकडून आणि दुपारचे डावीकडून येते, आणि बसण्याच्या जागा त्याप्रमाणे बदलाव्या लागतात. शेवटचा टप्पा वडखळ ते पनवेल असतो, आणि रविवारी संध्याकाळी अलिबागहून परतणाऱ्या गाड्या तिथेच येऊन मिळतात. म्हणून परतताना जातानापेक्षा तासभर आधी निघावे, किंवा सरळ शनिवारी परतावे.